लॉक काढून दस्ता आतून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ठासणीच्या बंदुकांच्या हाताने घडवलेल्या दस्त्यांवरचा, म्हणजे नळी आणि लॉक (बार उडवणारी कळ) धरणाऱ्या लाकडी भागावरचा, आपल्या पुरवणीतला लेख वाचला. कोरीव काम, पितळी जडकाम, लाकडाच्या आडव्या पट्ट्यांची झळाळी हे सगळे त्यात छान उतरले आहे. पण 'लॉकच्या पट्टीभोवती कागदही शिरत नाही, यावरून कारागिराचा हात ओळखावा' या अर्थाचे जे विधान आहे, ते अर्धेच खरे आहे. पट्टीभोवतीची फट लपवणे या कामातले सर्वांत सोपे. लाखेत भुसा कालवून भरता येतो, रंग मिसळलेले इपॉक्सी ओतता येते, काठ हातोडीने हलके ठेचून लाकूड पट्टीकडे सरकवताही येते. कारागिराचा हात ओळखायचा तर दोन स्क्रू काढून लॉक बाहेर घ्यावे आणि आतले घर, म्हणजे लॉकसाठी लाकडात कोरलेली पोकळी, पाहावे.

ज्यांनी असे लॉक उघडे पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका लोखंडी पट्टीच्या बाहेरच्या अंगाला घोडा, रंजकाची (बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूची) वाटी आणि चकमक जिच्यावर आपटते ती पोलादी झडप असते. आतल्या अंगाला टंबलर (घोड्याबरोबर फिरणारी खाचांची चकती), त्यावरचा ब्रायडल म्हणजे आधाराची पट्टी, खाचेत अडकणारा सिअर, सिअरची लहान कमान आणि घोड्याला जोर देणारी मोठी कमान. हा आतला सगळा पसारा लाकडात बुडतो. पट्टीची आतली बाजू धरून मोजले तर ब्रायडलच्या स्क्रूच्या डोक्यापर्यंत साधारण बारा-तेरा मिमी, मोठ्या कमानीची रुंदी आठच्या आसपास, सिअरची आडवी दांडी त्याहून बरीच खोल. म्हणजे खोलीची तीन निरनिराळी मापे झाली. हे ध्यानात न घेता संपूर्ण घर सर्वांत खोल भागाच्या मापाने एकसारखे उकरून टाकणे हा आळसाचा मार्ग. लॉक त्यातही बसते, चालतेही, आणि पट्टी लावली की कोणाला काही कळत नाही.

चांगल्या घरात काय दिसते? पट्टीच्या कडेच्या आत सगळीकडे एक सपाट ओटा दिसतो, तिच्या पाठीला टेकायला. त्याच्या खाली टंबलर आणि ब्रायडलसाठी त्यांच्याच आकाराची विहीर. पुढे कमानीसाठी अरुंद चर, एका टोकाला बाकाच्या जाडीइतका आणि घोड्याकडच्या टोकाला रुंद होत गेलेला, कारण तिथेच कमानीचा खालचा पाय वरखाली होतो. मागे सिअरच्या दांडीचे एकच उभट भोक. मधली भिंत, जिथे कोणताच भाग येत नाही, तशीच उभी ठेवलेली. स्क्रूंच्या डोक्यांसाठी वाटाण्याएवढे खळगे. पटाशीचे घाव स्वच्छ, तळ भुसभुशीत नाही.

हे कोणी दाखवायला करत नाही. दस्त्याचा गळा, म्हणजे हाताने धरायचा बारीक भाग, आणि त्याच्या पुढचा नळीच्या बुचाभोवतीचा (बूच म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा भाग) भाग हीच सगळ्या बंदुकीतली कच्ची जागा. वरून नळीची पन्हळ आणि बुचाच्या शेपटीची खाच, खालून चापाची खाच, मधून उभा स्क्रू, आणि बाजूने लॉकचे घर. त्या जागी दस्ता सगळा मिळून पंचेचाळीस-पन्नास मिमी रुंद. त्यातले बावीस-चोवीस नळी खाते. उरलेल्या लाकडातून गरज नसताना काढलेला प्रत्येक घनसेंटिमीटर गळ्यातून जातो. जुन्या रायफलींच्या गळ्याला पितळी पत्रा गुंडाळून खिळे मारलेले पुष्कळदा दिसतात. ते तुटणे केवळ लॉकच्या घरामुळे झाले असे नाही, पडझड आणि लाकडाचा तिरका रेषा (तंतूंची दिशा) हीही कारणे असतात. तरी पोकळ घर त्याला हातभार लावतेच.

कामाचा क्रमही सांगायला हवा, कारण बहुतेक चुका क्रम चुकल्याने होतात. नळी आधी पूर्ण बसली पाहिजे, बूच लाकडाला मागून घट्ट टेकले पाहिजे. मग लॉक, त्यानंतर चाप. लॉकची जागा लाकडावरून ठरत नाही, नळीवरून ठरते. रंजकाचे भोक बुचाच्या तोंडाच्या लगेच पुढे येते, आणि त्याचे मध्य वाटीच्या लांबीच्या मध्यावर व उंचीने वाटीच्या वरच्या काठाच्या रेषेत, फार तर केसभर वर यावे लागते. वाटीमागची पट्टीची जाड झालेली बाजू नळीच्या पैलूला सपाट भिडावी. या तीन गोष्टी जुळल्या की पट्टीची शेपटी थोडी वरखाली करायला मोकळीक उरते, गळ्याच्या वळणाला साजेशी. एवढीच मोकळीक असते.

पहिल्यांदा घालायची ती नुसती पट्टी. आतले सगळे सुटे करून बाजूला ठेवावे. मोठी कमान काढताना पकड वापरू नये, कमानीचा शिकंजा वापरावा, नाहीतर कमान तरी तुटते किंवा बोट तरी. पट्टीच्या कडांना कानशीने आत निमुळता होणारा अगदी किंचित उतार द्यावा. उतार असला म्हणजे पट्टी खाली जाईल तशी घट्ट होत जाते, बाटलीच्या बुचासारखी. कडा काटकोनात असल्या तर एकदा झालेली फट शेवटपर्यंत तशीच राहते. उतार उलटा, म्हणजे आतली बाजू रुंद, असेल तर कितीही कौशल्य लावा, वर फट येणारच. ओतीव पट्ट्यांत हा दोष सर्रास असतो आणि लोक लाकडाला दोष देत बसतात.

आखणी धारदार सुरीने, पेन्सिलने नव्हे. सुरी पहिल्यांदा टोकाला आणि शेपटीला चालवावी, जिथे रेषा आडवा कापला जातो; लांब बाजू त्यानंतर. लांब बाजूवर पटाशी हातोडीने ठोकली की ती पाचर होते आणि रेषेबरोबर लाकूड फाकते. तिथे पटाशी दाबून सरकवायची, साल काढल्यासारखी. सुरीची रेघ दिसत राहिली पाहिजे, निम्मी रेघ लाकडात ठेवूनच काम चालते. टोकाच्या गोलाईसाठी त्याच गोलाईची गोल पटाशी मिळाली तर उत्तम, नाहीतर तीन मिमीच्या सरळ पटाशीने लहान लहान टप्प्यांत. वाटीच्या पुढे, पट्टी आणि नळी यांच्या मधे, लाकडाची दोन-तीन मिमीची एक चिंचोळी पट्टी उरते. ती हमखास निघते. निघाली तर तुकडा टाकू नये. जागच्या जागी तेव्हाच चिकटवावा, दुसऱ्या दिवशी त्याच्या कडा जुळत नाहीत.

यानंतर काजळी. दिव्याची काजळी थोड्या तेलात कालवून पट्टीच्या पाठीला आणि कडांना पातळ पुसायची, पट्टी सरळ खाली बसवायची, लाकडी हातोडीचा एक हलका ठोका, आणि उचलायची. लाकडावर जिथे काळे उमटले तिथलेच खरवडायचे, दुसरे काही नाही. निळा रंगही वापरतात, पण फिकट लाकडावर तो कडेच्या छिद्रांत मुरतो आणि तेल चढवल्यावर निळसर सावली वर येते. काजळी फार लावण्याचाही तोटा असतो: ठसा पसरतो, जिथे टेकत नाही तिथेही काळे दिसते आणि नको ते लाकूड जाते. सुरुवातीला ठसे दोन-तीन ठिकाणी येतील. शेवटी ते ओट्यावर सगळीकडे ठिपक्या-ठिपक्यांनी येऊ लागले आणि त्याच क्षणी पट्टीची जाड बाजू नळीला भिडली, म्हणजे पट्टी बसली. लाकूड आधी टेकले तर नळीशी फट राहते. नळी आधी टेकली आणि लाकूड टेकलेच नाही, तर स्क्रू आवळल्यावर पट्टी वाकते किंवा डुगडुगते. दोन्हीची शिक्षा पुढे कळते.

मग एकेक भाग पट्टीवर चढवत जायचे: आधी टंबलर आणि ब्रायडल, मग सिअर, मग त्याची लहान कमान, शेवटी मोठी कमान. प्रत्येक वेळी नव्या भागाला काजळी, ठसा, तेवढेच लाकूड बाहेर. खोल विहिरीसाठी ड्रिल वापरायला हरकत नाही, पण साध्या ड्रिलचे टोक विसरू नये. बारा मिमीच्या नेहमीच्या ड्रिलचे टोक कडेपेक्षा साडेतीन मिमी पुढे गेलेले असते. म्हणजे कडेने माप बरोबर आले तरी मधे साडेतीन मिमी जास्त खोदले गेले, आणि तेवढ्याने पन्हळीशी छिद्र पडू शकते. सपाट तोंडाचे ड्रिल घ्यावे आणि दोन मिमी अलीकडे थांबून उरलेले पटाशीने काढावे.

सगळ्यांत जास्त गफलत सिअरच्या भोकात होते, म्हणून तिथे थोडा थांबतो. सिअरची दांडी साधारण साडेचार-पाच मिमी जाड आणि ती खालीवर अडीच-तीन मिमी हलते. चाप तिला वर उचलतो तेव्हा सिअरचे नाक टंबलरच्या खाचेतून निघते. घोडा अर्धा चढवला की नाक सर्वांत खोल खाचेत जाते आणि दांडी सर्वांत खाली येते. पूर्ण चढवताना, नाक एका खाचेतून दुसरीकडे जाताना, ती सर्वांत वर जाते. आता भोक फक्त दांडीच्या मापाचे गोल पाडले तर काय होईल? खालून लाकूड लागले तर अर्ध्या घोड्याला नाक खाचेत पूर्ण बसणार नाही, खाचेच्या ओठावर टेकून राहील. हा धोका आहे, नुसता दोष नव्हे. अर्धा घोडा हीच त्या बंदुकीची सुरक्षित अवस्था मानलेली असते. वरून लाकूड लागले तर घोडा चढवताना अडखळतो, किंवा चाप ओढूनही सुटत नाही. म्हणून भोक उभट: दांडीची जाडी, तिची वर-खाली मिळून हालचाल आणि शिवाय अर्धा-एक मिमी मोकळीक. खोलीने दांडीच्या टोकापुढे दीड मिमी पुरे. कारण दस्त्याच्या दुसऱ्या बाजूला कोरीव काम असते, आणि तिथून ड्रिलचे टोक बाहेर आलेले दस्ते पाहायला मिळतात.

हीच गोष्ट चापाची. लॉक आत असताना, अर्ध्या घोड्यावर, चापाचे पान आणि दांडी यांच्यात किंचित मोकळी जागा हवी. चाप दांडीला टेकून बसला की लाकूड टेकल्यासारखेच: नाक पूर्ण बसत नाही.

लॉक हातात घेतले की लोण्यासारखे चालते आणि दस्त्यात बसवले की घोडा संथ पडतो, ही तक्रार नेहमीची. उपाय म्हणून लोक कमान बदलतात. आधी लॉकचे स्क्रू अर्धा फेरा सैल करून पाहावे. सैल केल्यावर घोडा मोकळा झाला तर घराच्या तळाशी कुठेतरी लाकूड घासते आहे: बहुधा ब्रायडलच्या स्क्रूचे डोके, नाहीतर कमानीची आतली कड. सैल करूनही संथ असेल तर घासणे बाजूने आहे, टंबलरच्या विहिरीच्या भिंतीवर किंवा कमानीच्या चराच्या तळाला. काजळी लावून घोडा तिन्ही अवस्थांत, पडलेला, अर्धा आणि पूर्ण, वेगवेगळा तपासावा. कमानीचा खालचा पाय घोडा पडलेला असताना सर्वांत खाली असतो, चढवल्यावर वर येतो. म्हणजे फक्त चढवलेल्या अवस्थेत ठसा घेतला तर चराचा तळ घासत असल्याचे कळतच नाही. आवाजही सांगतो: मोकळ्या लॉकचा आवाज कोरडा आणि एकच, लाकूड घासणाऱ्याचा दबलेला.

कमानीच्या चराला आणखी एक शेजारी आहे, दारू-गोळी ठासायच्या गजाचे भोक. गज नऊ-दहा मिमी जाड, त्याचे भोक नळीच्या खालून लांबवर पाडलेले. मधला लाकडी पडदा नळी आणि गज यांच्यात साधारण तीन मिमीचा ठेवतात. लांब ड्रिल रेषेबरोबर भरकटते, आणि भोक लॉकच्या बाजूला सरकले तर चर त्यात उघडतो. उघडला म्हणून दस्ता टाकून द्यायची गरज नाही, पण गजाचे टोक कमानीवर घासता कामा नये. लॉकचा पुढचा स्क्रूही याच पडद्यातून जातो. तीन मिमीच्या पडद्यातून चार मिमीचा स्क्रू! हे गणित कागदावर आधीच मांडायचे असते. पडदा तिथे जाड ठेवावा, लॉकमधले स्क्रूचे भोक थोडे सरकवावे, किंवा स्क्रूचा मधला भाग बारीक करावा. नळीच्या तळाला खाच घासून स्क्रू जाऊ देणारेही आहेत. दाब जिथे सर्वांत जास्त तिथे नळीची जाडी कमी करणे मला पटत नाही.

नळीला भिडणाऱ्या जागी फट राहिली तर तिथून प्रत्येक बार उडताना धूर आणि राख घरात शिरते. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा ओढून घेते. काही महिन्यांत लॉकच्या आतल्या बाजूला गंज आणि ओट्याचे लाकूड काळेठिक्कर. त्यावर लोक तेल ओततात. तेल घरात रेषा आडवे कापलेल्या तोंडांतून आत शोषले जाते आणि वर्षानुवर्षे असे झाले की ते लाकूड मऊ पडते, स्क्रू आवळला की दबते, पट्टी आत जाते, आणि सुटे असताना चालणारे लॉक पुन्हा अडते. जुन्या दस्त्यांत लॉकभोवतीचे लाकूड काळपट दिसते त्यात तेलाचा मोठा वाटा असतो. घर पूर्ण झाल्यावर आतून चपड्याच्या पातळ पॉलिशचा एक हात किंवा उकळलेले जवस तेल चोळून वाळवावे. जाड थर नको, मोकळीक जाते. लॉकला नंतर तेल लावायचे ते थेंबाने, सांध्यांवर, आणि जास्तीचे पुसून.

आता निवाड्याची गोष्ट. अठराव्या शतकातल्या पेनसिल्व्हेनियाच्या अस्सल रायफलींचे लॉक काढले तर आत बऱ्याचदा ओबडधोबड घर दिसते: ओळीने मारलेली ड्रिलची भोके, मधले लाकूड पटाशीने उपटलेले. त्या कारागिराला नळी, दस्ता, पितळ सगळे स्वतः करायचे, लॉक बहुधा आयात केलेले, आणि गिऱ्हाईक दाराशी. उलट लंडनच्या धंद्यात नळीवाला, लॉकवाला, दस्तेवाला असे वेगवेगळे हात होते. जोसेफ मँटनसारख्यांच्या बंदुकीत आतले घरही बाहेरच्याइतके नेटके. त्यामुळे 'जुन्यांनी असे केले' हा आधार दोन्हीकडे वापरता येतो. आज हाताने दस्ता घडवणाऱ्याला गिऱ्हाइकाची तशी घाई नसते, म्हणून ओबडधोबड घराला परंपरेचे नाव देणे मला सोयीचे वाटते, खरे नाही.

यंत्राने आधीच घर पाडलेले दस्ते मिळतात, त्यांच्याबद्दल एवढेच: फिरत्या पात्याने कोपरे गोल राहतात आणि खोली बहुधा एकसारखी घेतलेली असते. म्हणजे लाकूड आधीच गेलेले असते. वरची कड पटाशीने नेटकी करता येते, आतली भिंत परत आणता येत नाही.

लेखाबरोबरच्या छायाचित्रांत सर्व बंदुका बाहेरूनच आहेत. पुढच्या वेळी एखाद्या दस्त्याचे लॉक काढून आतला फोटो छापावा, अशी विनंती. काढताना मात्र पुढीलप्रमाणे काढावे. आधी बंदूक रिकामी असल्याची खात्री: गज नळीत सोडला की थेट बुचावर टणकन वाजला पाहिजे, आणि बाहेर राहिलेली लांबी रिकाम्या नळीच्या खुणेशी जुळली पाहिजे. घोडा अर्धा चढवावा. दोन्ही स्क्रू दोन-तीन फेरे सैल करावेत, पूर्ण काढू नयेत. मग स्क्रूच्या डोक्यांवर लाकडी दांड्याने आळीपाळीने हलके ठोकावे, पट्टी दोन्ही टोकांनी सारखी वर येईल. ती आली की स्क्रू काढावेत. पट्टीच्या कडेखाली स्क्रूड्रायव्हर घालून उचकटू नये, ओठ तिथेच निघतो. आणि टोपीच्या बंदुकीचे (जिच्यात चकमकीऐवजी घोडा निपल नावाच्या बोंडावरच्या टोपीवर आपटतो) लॉक हातात आल्यावर चाप दाबून पाहायचा मोह टाळावा: घोड्याला अडवणारा निपल नळीवर राहिलेला असतो, टंबलर ब्रायडलवर आदळतो आणि दोन्हीपैकी एक तुटतो.

आपला,
दस्त्यांचे काम करणारा एक वाचक